भुसाखाऊचा पट्टा कोणी उतरवला?

किसनकाका, अन्याय तुमच्यावर झाला. यंदाच्या तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी, पांढरकवड्याच्या आरा मशीनवर, इंजिन सुरू व्हायच्या वेळेला. हे आधीच लिहून टाकतो, कारण काल तुमच्या शोकसभेत सगळे बोलले आणि एवढं एक वाक्य कोणी बोललं नाही. "किसनराव पोस्टमनना काळानं आपल्यातून ओढून नेलं," म्हणाले. काळाचं नाव घ्यायला कोणाला भीती वाटते? काळ काही उद्या दारात येऊन जाब विचारत नाही.

मुनीमजीही बोलले. लाकूड कापायच्या त्या आरा मशीनचा सगळा कारभार पाहणारे मुनीमजी. पांढरंशुभ्र धोतर, हातात तुमच्या फोटोसाठी झेंडूचा हार. म्हणाले, "किसनराव अतिशय विनम्र गृहस्थ होते." काका, मला भर सभेत हसू फुटत होतं. शेजारी रहमतभाई बसले होते, त्यांनी माझा गुडघा दाबून धरला म्हणून मी गप्प राहिलो. तुम्ही आणि विनम्र! पत्र्याच्या ड्रमवर लाल रंगानं आपलं नाव लिहून अख्ख्या मोहल्ल्याला "अक्षर कसं काय हाये?" असं विचारत फिरणारा माणूस विनम्र? तुम्ही बढाईखोर होतात. तुमची बढाई मला आवडायची. आपल्या माणसाला मेल्यावर विनम्र म्हटलं, की जिवंतपणी तो काय मागत होता ते सांगावं लागत नाही. त्यासाठीच तो शब्द असतो.

मग मुनीमजी म्हणाले, "त्यांनी केलेलं यंत्र आमच्या भिंतीवर आहे. ते आम्ही तसंच जपू. त्यावर त्यांचं नाव रंगवू. तेच त्यांचं स्मारक." आणि टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! त्या टाळ्यांच्या आवाजात मी ठरवलं, घरी जाऊन आधी हे लिहायचं.

ज्यांना ते यंत्र ठाऊक नाही त्यांना ते सांगायला हवं. काका, मी सांगतो, तुम्ही मधे बोलू नका.

छप्पन साली आपल्या मोहल्ल्यानं धम्म घेतला. घराघरातले देव खाली उतरले. देव गेले, पण ज्या सागाच्या पाटांवर ते बसायचे ते पाट कोपऱ्यात उभे राहिले. चुलीत घालावेत तर सागवान, ठेवावेत तर कशाला? तुम्ही टपाल वाटता वाटता ते पाट मागून आणलेत. सायकलच्या मागे चिठ्ठ्यांची पिशवी आणि तिच्यावर दोरीनं बांधलेला कोणाच्या तरी खंडोबाचा पाट, असे तुम्ही गल्लीतून यायचे. तुमच्या बापजाद्यांत कोणी करवत धरली नव्हती. तुम्ही धरलीत, आणि पहिली वस्तू केलीत ती तुमच्या पोरीसाठी, शांतासाठी, चाकांचा लाकडी बैल. दरसाल तान्ह्या पोळ्याला गावातली पोरं आपापले लाकडी बैल दोरीनं ओढत आणून तोरणाखाली उभे करायची आणि आपली पोरं लांबून पाहायची. शांतानं तो बैल ओढत नेला. एक पाय आखूड होता त्याचा, लंगडत गेला. पण गेला.

मी तेव्हा नुकती पत्रकं लिहायला लागलो होतो. मला राग आला. मी तुमच्या छपरीत येऊन भांडलो.

"काका, देवाचे पाट मोडले आन् त्यातून नंदी काढला?"

"नंदी नाही बे, बैल हाये."

"सण तं त्यायचाच ना?"

"सण असंन त्यायचा. बैल कोणाचा? वखर कोण ओढते, शंकर ओढते काय?" तुम्ही बैलाच्या पाठीवरून अंगठा फिरवलात. "माह्या बैलाच्या पाठीवर कोणीच बसत नाही. ना देव, ना शेठ. जाय, लिहून टाक पत्रकात."

मी लिहिलं नाही. भांडण संपलंही नाही. आजही मी म्हणतो, तो सण आपला नाही. तुम्ही नाहीत म्हणून मी काही माघार घेत नाही.

बाजारातले सुतार वेगळंच विचारायचे. "पोस्टमन सुताराचं काम काहून करून राह्यला?" तुम्ही म्हणायचे, "तुमचा धंदा नाही घेत बापा. मी इकत नाही काही. मले हौस हाये." हौस! या शब्दावर ते खरंच बुचकळ्यात पडायचे. आपल्या लोकांना कामं मिळाली, ओझी मिळाली, हाका मिळाल्या. हौस कोणी वाटायला घेतली तेव्हा आपल्या दारापर्यंत ती आलीच नाही. तुम्ही ती स्वतःच उचलून आणलीत, त्या पाटांसारखी. हळूहळू तुमच्या छपरीत दर रविवारी हौशी मंडळ जमायला लागलं. हायवेवर ट्रकची इंजिनं खोलणारे रहमतभाई रेडिओसाठी पेटी करायला आले ते कायमचेच आले. मला काहीच करता येत नव्हतं. मी बोलायला यायचो.

आणि धूळ. सागाची धूळ लाल, बारीक, चिकट. रंधा मारा, काचपेपर घासा, की ती उठायची आणि खाली बसायचं नावच घ्यायची नाही. छपरी आणि काकूंचा चुलीचा कोपरा यांच्या मधे नुसता एक बांबूचा तट्टा. काकू म्हणायच्या, "भाकरीत मीठ कमी पडलं तं चालते. लाकूड नाही चालत." सकाळी टपाल वाटायला निघताना तुम्ही सायकलवर टांग टाकायचे, खोकायचे, मग पायडल मारायचे. मोहल्ल्याला त्यावरून कळायचं की पोस्टमन निघाले. काकूंना ते आवडत नव्हतं. एके दिवशी त्यांनी सांगून टाकलं, "एक तं धूळ घराबाहेर काढा, नाही तं हौस."

तुम्ही धूळ काढायला घेतलीत. तुमच्या जुन्या सायकलचं चाक, रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून केलेली पाती, दोराचा पट्टा. एकानं पायडल मारायचं, पंखा फिरायचा. आपण सगळे खळ्याशेजारी वाढलेले. आपल्याला धूळ म्हटलं की उफणणीच आठवते: वारा द्यायचा, भुसा उडून जाईल, दाणा पायाशी पडेल. म्हणून पंखा लावला तो वारा मारणारा. पण दाणा होता कुठं? सगळाच भुसा! मी पायडल मारलं, तुम्ही बैल घासायला घेतलात, आणि छपरीतली सगळी धूळ एका लाटेत तट्ट्यातून आरपार काकूंच्या वाळत घातलेल्या मिरच्यांवर.

तुम्ही आनंदानं ओरडलात, "गेली! पाह्य, गेली ना धूळ!"

तट्ट्यापलीकडून आवाज आला, "अवो शांताचे बाबा, धूळ गेली कुठं इचारून राह्यले काय? या इकडं. मिरच्यायले इचारा."

रहमतभाई पोट धरून हसले. मग डोळे पुसत म्हणाले, "पोस्टमन साब, इंजिन हवा फेकता नहीं, खाता है. और खाने से पहले छान के खाता है. उलटा लगाओ."

उलटा लावला. दोन-चार रविवार डबे कापण्यात, झाळण्यात गेले. कापून गुंडाळलेल्या डब्यांचा पाइप, त्याचं तोंड जिथं लाकूड घासायचं तिथं. पाइप एका ड्रममध्ये, ड्रमच्या तळाशी पाण्याचं मडकं, जड भुसा त्यात पडायचा. पंखा त्याच्याही पुढे, आणि शेवटी काकूंच्या जुन्या लुगड्याची पिशवी, उरलीसुरली बारीक धूळ धरायला. धूळ जिथं उठायची तिथूनच आत जायची. शांतानं नाव ठेवलं भुसाखाऊ. ड्रमवर तुम्ही लिहिलंत: किसन आणि रहमत, पांढरकवडा. रहमतभाईंचं नाव थोडं बारीक लिहिलंत. ते त्यावरून तुम्हाला वर्षभर बोलत होते.

भुसाखाऊ ओढतो की नाही ते पाहायची तुमची एक रीत होती. पाइपाच्या तोंडाशी कापसाची चिमूट धरायची. आपल्या जिल्ह्यात दुसरं काही नसलं तरी चिमूटभर कापूस कोणत्याही घरात, कोणत्याही खिशात असतो. कापूस बोटातून सुटून आत गेला की तुम्ही म्हणायचे, "खाऊन राह्यला." नाही गेला की, "उपाशी हाये, डबा काढा." मग पुन्हा कुठली तरी फट शोधायची, तिथं मेण लावायचं.

पायडल मारायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझे हात कशातच गुंतलेले नसायचे. तुम्ही घासायचे, मी पायडल मारायचो आणि भांडायचो. भांडणात जोर आला की माझे पाय थांबायचे आणि धूळ तुमच्या तोंडावर. "बोल ना बे, बोल. मी कुठं नाही म्हणतो? पण पाय नको थांबवू." किती तरी मुद्दे मी त्या सायकलवर बसून तुम्हाला पटवायला गेलो. पटला एकही नाही, पण त्या दोन-तीन वर्षांत तुमचा सकाळचा खोकला कमी झाला. काकूंनीच एकदा सांगितलं, "आजकाल तुम्ही निघालेले कळतच नाही."

मग तुमच्या डोक्यात आरा मशीन शिरलं. तिथं टपाल द्यायला तुम्ही रोज जायचे. आऱ्यासमोर लाकूड ढकलणारा दौलत, तोंडाला फडकं बांधलेला, पापण्यांपासून गुडघ्यापर्यंत लाल. तुम्ही म्हणालात, भुसाखाऊ तिथं लावू. मोठा करू. पायडलची गरज नाही, त्यांच्या इंजिनाचा पट्टाच पंख्यावर चढवू.

तेव्हा झालेलं आपलं भांडण सगळ्यांत मोठं. मी म्हटलं, "मशीन त्यायची, धूळ त्यायची. लावायचा तं त्यायनं लावावा. आपण आपल्या घरचा डबा तिथं कायले टांगावा? मागून घेऊ, पत्रक काढू, वीस-पंचवीस मजूर उभे करू."

"तुहं पत्रक वाचून मुनीमजीले बुद्धी येईन, तवापर्यंत दौलत काय सास रोखून धरंन?"

"फुकट देसान तं किंमत राहणार नाही काका."

"किंमत कोण मागून राह्यलं? धूळ बंद होते का नाही, एवढं सांग."

रहमतभाई दोघांनाही म्हणाले, "तुम दोनों सच्चे हो, अब पाना दो."

तुम्ही लावलात. पावसाळ्याच्या तोंडावर, तुमच्या हातानं, तुमच्या डब्यांनी. आणि तो ओढायला लागला. दौलत दुसऱ्या दिवशी भेटला तेव्हा हसत होता. "घरी गेलो तं पोरगी म्हणे, बाबा, तुमच्या भुवया तं काळ्या हायेत!" तुम्ही ते वाक्य प्रत्येक घरच्या टपालाबरोबर वाटलंत. मला तर तीनदा ऐकवलंत. वर विचारलंत, "काय बे पत्रकवाल्या, किती पत्रकं लागली असती याले?"

पुढचं मुनीमजींनी काल सांगितलं नाही.

तान्ह्या पोळ्याला तोरणाशी पाहुणे म्हणून एक मोठे साहेब येणार होते, आणि सकाळी त्यांना आरा मशीन दाखवायचं होतं. आदल्या दिवशी सगळीकडे हिरवा रंग मारला गेला. भुसाखाऊलाही. लाल अक्षरांवरून हिरवा हात फिरला, किसनही गेला, रहमतही गेला. साहेब आले, कौतुकानं पाहिलं, विचारलं, हे कोणी केलं? मुनीमजी म्हणाले, "आमच्याकडेच तयार केलंय, साहेब." तुम्ही टपालाची पिशवी खांद्याला लावून फाटकाशी उभे होतात. आत यायला कोणी म्हटलं नाही. संध्याकाळी मी तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्ही नाव पुसल्याबद्दल मुनीमजींना मनसोक्त शिव्या दिल्या आणि मग म्हणालात, "जाऊ दे. खाऊन तं राह्यला ना."

दुसऱ्या दिवशी तो खाईना. सकाळी इंजिन सुरू व्हायच्या आधी भुसाखाऊचा पट्टा उतरवला गेला आणि बाजूला नवा छोटा आरा बसवला होता त्यावर चढला. साहेबांना दाखवून झालं होतं. इंजिनाचा जोर आता लाकूड कापायला हवा होता. पाइप तसाच राहिला, ड्रम तसाच राहिला, हिरवागार, तकतकीत. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटावं की इथं धुळीची काळजी घेतात. तुम्ही टपाल घेऊन गेलात, सवयीनं पाइपाच्या तोंडाशी कापूस धरलात. कापूस तुमच्या बोटातच राहिला.

"मुनीमजी, हा खात नाही."

"किसनराव, टपाल द्या आणि निघा. टपालवाल्यानं टपाल वाटावं. हौस घरी करायची."

मी लगेच पत्रक लिहायला बसलो होतो. तुम्ही माझा हात धरलात. "थांब. मंग म्हणे मुनीमजी, दिवाळीपर्यंत चढवतो पट्टा. शब्द देल्ला त्यायनं." तुम्ही शब्दावर विश्वास ठेवलात. आणि रोज टपाल देऊन झालं की तुम्ही पाइपाशी जायचे, कापूस धरायचे, पाहायचे, परत खिशात ठेवायचे. मुनीमजी गल्ल्यावरून म्हणायचे, "आला कापूसवाला." मजूर आधी हसले, मग हसायचे थांबले. दौलतनं फडकं पुन्हा बांधलं. दिवाळी आली आणि गेली.

आता एक गोष्ट लिहितो, ती मला जड जाते. आरा मशीननं तुम्हाला मारलं असं मी लिहू शकत नाही. पत्रकात ते किती छान बसलं असतं! पण तुम्ही असता तर म्हणाला असता, "खोटं नको लिहू बे, खरंच पुरेसं हाये." तुमच्या छातीत जी काही धूळ होती ती तुमच्याच छपरीतली होती, भुसाखाऊच्या आधीच्या वर्षांतली. कदाचित ती धूळ नव्हतीच. डॉक्टरांनाही नीट सांगता आलं नाही. थंडी पडली, ताप आला, कापूस वेचणीच्या ऐन दिवसांत तुम्ही गेलात. काकूंनी ओट्यावरच्या गाठोड्यातून कापसाची चिमूट काढून तुमच्या नाकाशी धरली. सगळेच धरतात तशी. पण रहमतभाई तोंड फिरवून बाहेर गेले, आणि मला कळलं ते का गेले. काकूंनी बराच वेळ हात तसाच ठेवला. मग मूठ मिटली.

तुमच्या पाठकुळी बसून मी कधी बाजार पाहिला, तुमच्याच सायकलवर भांडायला शिकलो, हे तुम्हाला सांगायचं राहिलं. तुमचा एक बैल माझ्याकडे आहे, शांतानं दिलेला, पहिला, लंगडा. माझ्या पत्रकांच्या गठ्ठ्यावर वजन म्हणून ठेवलाय. सणासाठी नाही, वजनासाठी. वारा आला की कागद उडत नाहीत. तुम्ही पाहिलं असतं तर वर्षभर मला जगू दिलं नसतं.

सभेहून आल्यावर काकूंना मी मुनीमजींची घोषणा सांगितली. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "नाव रंगवून काय करता? दौलतची छाती काय नाव वाचते?"

काका, तुमचं म्हणणं होतं आधी डबा, माझं होतं आधी हक्क. तुम्ही डबा दिलात, त्यांनी तो शोभेला टांगला. मी म्हणालो होतो तेच झालं, आणि मला त्यात काडीचं समाधान नाही. कारण तुमचा डबा तिथं नसता तर मी आज मागायचं काय? आज तिथं एक पाइप आहे, एक पंखा आहे, इंजिन आहे. फक्त एक पट्टा नाही. जिवंत माणसाचं नाव पुसलं त्यांनी, आता मेलेल्याचं लिहून देणार. बंद पाइपाला स्मारक म्हणणार. तुम्ही लाकडाचे बैल केलेत, ते चाकांवर चालायचे. तुमच्या नावानं न चालणारी वस्तू भिंतीवर राहायची नाही.

आता वाचणाऱ्या, तुझ्याशी बोलतो. कालच्या सभेत तूही टाळी वाजवलीस. ठीक आहे. उद्या सकाळी इंजिन सुरू झालं की आरा मशीनवर जा. लाकूड घ्यायला जा, भुसा मागायला जा, काहीही निमित्त काढ. जाताना खिशात चिमूटभर कापूस ठेव. डाव्या भिंतीवर हिरवा पाइप आहे, त्याच्या तोंडाशी कापूस धर. तो आत ओढला गेला तर किसन पोस्टमनची आठवण काढ आणि घरी ये. तो बोटातच राहिला तर तिथून हलू नकोस. मुनीमजी विचारतील, काय पाहिजे? तेव्हा कापूस त्यांच्यापुढे धर आणि सांग: नाव नंतर रंगवा, आधी पट्टा चढवा.